तळ्यातील माशाची अखेरची घटका व मांसाचा कस

पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात हिरवी मिरची आणणाऱ्या शेतकऱ्यास एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. माल शेतात कितीही उत्तम पिकला असला, तरी तोडणीच्या दिवशी त्याची हेळसांड झाली तर हातचा भाव जातो. भर दुपारच्या उन्हात तोडलेली, गोणीत पायाने दाबून भरलेली आणि गाडीची वाट पाहत बांधावर पडून राहिलेली मिरची काट्यावर येईपर्यंत मलूल होते. व्यापारी गोणीत हात घालताच ते ओळखतो. म्हणून आपला शेतकरी पहाटे मजूर लावितो, माल सावलीत ठेवितो, गाडीची वेळ आधी ठरवून घेतो. परंतु हाच शेतकरी शेततळ्यातील मासे काढावयास निघाला, म्हणजे हे सारे शहाणपण घरी ठेवून येतो. मासा पाण्याबाहेर आला, तडफडला, मेला, विकला. यापलीकडे त्यात काही पाहण्यासारखे आहे असे त्यास वाटत नाही. प्रस्तुत लेखकासही वाटत नव्हते. एका हंगामात नुकसान सोसल्यावर ते वाटू लागले.

मासा हे आपल्या इकडचे जुने पीक नव्हे. नदी-नाल्यांतील मासे भोई मंडळींनी धरावेत आणि आठवड्याच्या बाजारात विकावेत, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. पुढे २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, आणि ज्यांच्याकडे शेततळे होते त्यांचीच झाडे तगली. कडवंचीसारख्या गावाने शेततळ्यांच्या बळावर द्राक्षबागा राखून दाखविल्या. त्यानंतर २०१६ साली राज्य शासनाने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना काढली, आणि तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद व तीन मीटर खोल असे खड्डे शिवाराशिवारांत दिसू लागले. त्यांचे अर्ज, नकाशे व उतारे हाताळण्यात आमच्या नोकरीची शेवटची वर्षे गेली. पाणी साठलेलेच आहे तर त्यात मासे का सोडू नयेत, हा विचार मग आपोआपच आला. रोहू, कटला व मृगळ या तीन जाती एका तळ्यात सुखाने नांदतात, कारण कटला पृष्ठभागाजवळचे खातो, रोहू मधल्या थरातले आणि मृगळ तळाचे. या जाती साचलेल्या पाण्यात स्वतः होऊन अंडी घालीत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे हिरालाल चौधरी व त्यांचे सहकारी के. एच. अलीकुन्ही यांच्या प्रयत्नांनी संप्रेरकाची सुई टोचून त्यांची वीण घडवून आणली गेली, म्हणून आज बोटुकली विकत मिळते. बीज, खाद्य, खत यांविषयी पुष्कळ लिहिले व बोलले जाते. मासा काढण्याच्या दिवशी काय करावे याविषयी मात्र फारच थोडे, आणि तो मरतो कसा याविषयी तर काहीच नाही.

आमची हकीकत अशी. वैशाखातले दिवस होते. मोसंबीला पाणी देता देता तळे कमरेइतके उरले होते. ‘आता शेवटचे पाणी ओढण्यापूर्वी मासे काढून घेऊ’ असे ठरले. त्या दिवशी सकाळी गड्याने नेहमीप्रमाणे खाद्य टाकले. मासे धरणारे लोक आले ते दहाच्या सुमारास. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत उतारावर पाय ठरेना, त्यामुळे पहिली ओढ फसली, दुसरीत अर्धे मासे निसटले; चार वेळा जाळे ओढावे लागले. जे हाती आले ते काठावर ताडपत्रीवर ओतले. रोहू हा चिवट प्राणी. पाण्याबाहेर लवकर मरत नाही. बराच वेळ ढीग हलत होता, खालचे वरच्यांच्या वजनाखाली दबत होते. गाडी तीन तास उशिरा आली आणि तिच्यातील बर्फ निम्म्या मालास पुरेल एवढाच होता. संध्याकाळी मासे लाकडासारखे ताठ झाले होते. ते पाहून आम्हांस समाधान वाटले, कारण ताठ मासा म्हणजे ताजा मासा असे आम्ही ऐकून होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारातून निरोप आला की मांस लिबलिबीत झाले आहे, कित्येकांची पोटे फुटली आहेत, भाव तिसऱ्या हिश्श्याने कमी मिळेल. आम्ही बियाण्यास दोष दिला, खाद्यास दिला, आणि व्यापाऱ्यास तर मनातल्या मनात पुष्कळच दिला. त्यांतील व्यापाऱ्यास दिलेला दोष पुढे परत घ्यावा लागला.

हे असे का घडले, हे समजावयास माशाच्या मांसाची घडण थोडी पाहिली पाहिजे. रोहूची कातडी काढली, तर दोन्ही कुशींवर मध्यरेषेच्या बाजूने एक तांबूस पट्टी दिसते. ती सावकाश व अखंड पोहण्याकरिता असते. बाकीचे बहुतेक सर्व मांस पांढरे असते, आणि ते संकटाच्या वेळी एकदम उसळी मारण्याकरिता राखून ठेविलेले असते. या पांढऱ्या स्नायूस रक्ताचा पुरवठा बेताचा, म्हणून प्राणवायूही बेताचाच मिळतो. तथापि प्राणवायूवाचूनही त्यास काही काळ काम करिता येते. त्याकरिता ग्लायकोजन नावाची साखरेच्या जातीची एक वस्तू त्यात साठविलेली असते. ती मोडून जी शक्ती निघते ती एटीपी या संयुगाच्या रूपाने खर्चास उपलब्ध होते, आणि मागे दुग्धाम्ल उरते. दह्यास आंबटपणा आणणारे तेच हे आम्ल.

आमचा जन्म कीर्द-खतावणीत गेला असल्यामुळे आम्हांस हे असे समजले: ग्लायकोजन ही तिजोरीतील शिल्लक, एटीपी ही हातातील रोकड, आणि दुग्धाम्ल म्हणजे प्रत्येक खर्चागणिक साचत जाणारी थकबाकी. जिवंत मासा विश्रांती घेतो तेव्हा प्राणवायूच्या साहाय्याने थकबाकी फेडतो व शिल्लक पुन्हा भरतो. मेल्यावर भरणा बंद होतो. ज्या घटकेस मासा मेला त्या घटकेस खाती जी शिल्लक व जी थकबाकी असेल, ती घेऊनच पुढचा सारा हिशेब चालतो. चार वेळा जाळ्यात सापडून निसटलेला, ढिगात तासभर तडफडलेला मासा हा तिजोरी रिकामी करून व थकबाकी डोक्यावर घेऊन मरतो.

आता या रिकाम्या तिजोरीचे परिणाम. स्नायू आखडतो तो दोन प्रकारचे तंतू एकमेकांत सरकल्यामुळे, आणि ते पुन्हा सुटे व्हावयास एटीपी खर्ची पडते. मासा मेल्यावरही उरलेल्या ग्लायकोजनातून काही काळ एटीपी तयार होत राहते, तोपर्यंत मांस मऊ व लवचीक असते. रोकड संपली की तंतू अडकून बसतात. हीच मेल्यानंतरची ताठरता होय. शांतपणे धरलेला व झटकन मारलेला मासा बर्फात ठेविला, तर ही ताठरता उशिरा येते व सावकाश उतरते; तेवढा वेळ मांसाची नासाडी जवळपास थांबलेली असते. दमविलेल्या माशात ती फार लवकर आणि फार जोराने येते, आणि लवकर निघूनही जाते. वैशाखाच्या उन्हात तर ती इतक्या जोराने येते, की मांसाचे थर एकमेकांशी जोडणारे नाजूक पडदे फाटतात. शिजविताना मासा तुकड्यातुकड्यांनी सुटतो तो पुष्कळदा याच कारणाने. स्वयंपाक करणारीस उगाच बोल लागतो.

आमचा समज नेमका येथेच चुकला होता. ताठ मासा ताजा असतो हे खरे, पण ताठरता केव्हा आली हे विचारल्यावाचून त्यास अर्थ नाही. सकाळी धरलेला मासा दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फात ताठ असेल, तर ती उत्तम खूण. धरल्यावर तासाभरातच उन्हात ताठ झाला असेल, तर तो छळून मेला एवढेच त्यावरून सिद्ध होते.

दुसरी गोष्ट आम्लतेची. ‘सामू’ हा शब्द माती तपासून घेणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. विसावलेल्या जिवंत माशाच्या स्नायूचा सामू सातच्या किंचित वर असतो. मेल्यावर दुग्धाम्ल साचून तो सहा व सात यांच्या दरम्यान उतरतो. शेळी-मेंढीच्या मांसाचा सामू साडेपाचच्या आसपास जातो. माशात मुळात ग्लायकोजन कमी, म्हणून त्याचा तितका उतरत नाही, आणि माशाचे मांस मटणापेक्षा लवकर नासते त्याच्या कारणांपैकी हे एक आहे. सामू उतरणे हे वाईट नव्हे. तो मांस गार झाल्यावर सावकाश उतरला तर काही बिघडत नाही. मांस ऊन असतानाच झपाट्याने उतरला, तर स्नायूतील प्रथिनांचा पोत मोडतो व त्यांस पाणी धरवत नाही. नासलेल्या दुधातून पाणी सुटते तसे हे मांसातून सुटते. पेटीच्या तळाशी जे तांबूस पाणी साचते, त्यात मालाचे वजन असते.

येथे एक गुंतागुंत आहे व ती लपविण्यात अर्थ नाही. मासा थोडा वेळ पण जोराने झगडून लगेच मेला, तर वर सांगितल्याप्रमाणे सामू झपाट्याने उतरतो. परंतु त्यास दिवसेंदिवस दाटीत, गढूळ व ऊन पाण्यात ठेविले, तर ग्लायकोजन हळूहळू खर्च होऊन जाते आणि दुग्धाम्लही जिवंतपणीच निचरून जाते. असा मासा मेल्यावर आम्ल तयार व्हावयास काही उरतच नाही. सामू वरच राहतो, आणि वरचा सामू जंतूंस मानवतो. म्हणजे एका चुकीने मांस सैल पडते व दुसरीने लवकर कुजते. वैशाखातील आटत्या तळ्यात आपण बहुधा दोन्ही चुका एकदमच करितो.

तिसरी गोष्ट चवीची. शिंतारो कोदामा या जपानी रसायनज्ञाने १९१३ साली वाळविलेल्या बोनिटो माशातून असे दाखवून दिले, की त्या माशाची रुची इनोसिनिक आम्लाच्या लवणामुळे येते. ही वस्तू बाहेरून येत नाही. मेल्यानंतर एटीपी टप्प्याटप्प्याने मोडत जाते, त्यांतील एका टप्प्यावर ती उत्पन्न होते. ती आणखी मोडली की हायपोझँथिन नावाचा पदार्थ होतो, आणि तो कडवट असतो. एटीपीचा किती अंश या शेवटच्या टप्प्यांपर्यंत पोहोचला आहे यावरून माशाचा ताजेपणा मोजण्याची रीत जपानी शास्त्रज्ञांनी १९५९ साली बसविली, आणि ती आजही वापरात आहे. झगडून मेलेल्या माशात ही उतरंड जिवंतपणीच सुरू झालेली असते. त्याची चवीची घटका लवकर येते व लवकर जाते. बहुधा मासा गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचण्यापूर्वीच.

याखेरीज जे डोळ्यांस दिसते ते आहेच: जाळ्यात घासून गेलेले खवले, दाबामुळे मांसात उतरलेले रक्ताचे डाग, तुटलेले पर. खवला गेला की जंतूंस वाट मिळते.

जपानी लोकांनी हे शास्त्र कळण्यापूर्वीपासून अनुभवाने एक रीत बसविली आहे. तिला ‘इकेजिमे’ म्हणतात. माशाच्या डोक्यात टोकदार शस्त्र घालून मेंदू एका क्षणात निकामी करावयाचा, कल्ल्याजवळ कापून रक्त वाहू द्यावयाचे आणि पाठीच्या कण्यातून तार घालून मज्जारज्जू नष्ट करावयाचा, म्हणजे मेल्यावर होणारी स्नायूंची फडफडही थांबते. असा मासा तेथे जास्त किमतीस विकला जातो. नॉर्वे देशात सामन माशाची शेती फार मोठ्या प्रमाणावर चालते. तेथे मासा पाण्यासह नळीतून ओढून घेतात आणि यंत्राचा ठोसा डोक्यात मारून किंवा विजेच्या योगे क्षणात बेशुद्ध करितात. कार्बन डायऑक्साइड सोडलेल्या पाण्यात मासे बुडविण्याची जुनी चाल तेथे २०१२ साली बंद झाली, कारण मासा तीत बेशुद्ध होण्यापूर्वी बराच वेळ धडपडत असे. हे केवळ दयेपोटी झाले असे कोणी समजू नये, आणि केवळ पैशाकरिता झाले असेही समजू नये. या एका बाबतीत दया व फायदा यांचे मार्ग वेगळे पडत नाहीत. आपल्याकडील १९६० च्या प्राण्यांस क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमातही ‘प्राणी’ या शब्दाची व्याख्या मनुष्याखेरीज कोणताही सजीव प्राणी अशी आहे. तीत मासा येतो.

विजेचा उल्लेख आला म्हणून एक ताकीद येथेच देतो. मोटारीच्या तारा पाण्यात सोडून मासे मारण्याचा उद्योग काही अविचारी मंडळी करितात. परदेशातील यंत्रे बंदिस्त असतात व त्यांतील विजेचा दाब व वेळ मोजलेली असते. शेततळ्यात तार सोडणे म्हणजे काठावरच्या माणसाच्या मरणास आमंत्रण होय. ओल्या प्लॅस्टिकवरून पाय घसरला की मागे पंचनामा लिहावयास येणारा कारकून काय लिहितो, ते आम्हांस ठाऊक आहे.

आता आपल्या शिवारात काय करिता येण्यासारखे आहे ते पाहू. यांत सर्वांत मोठी गोष्ट हंगामाची, आणि नेमकी तीच आपण पाण्याच्या गरजेपायी उलटी करितो. तळे बागेकरिता आहे, मासा हे दुय्यम पीक. म्हणून बाग पाणी पिऊन टाकते आणि उरलेल्या गाळणीत मासे धरिले जातात. मृगाच्या सुमारास मासे खाण्याचा प्रघात पुष्कळ ठिकाणी असल्यामुळे त्या दिवसांत गिऱ्हाईकही असते, तो मोहही होतो. परंतु पाण्याचा स्वभाव पाहा. वीस अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यात दर लिटरला सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. तीस अंशांच्या पाण्यात साडेसातच. उलट पाणी तापले की माशाची प्राणवायूची गरज वाढते. आवक घटली व खर्च वाढला, आणि त्यातच दाटी झाली. म्हणून ज्यास शक्य आहे त्याने पौष-माघात, तळे निम्म्याच्या वर भरलेले असताना, मोठे मोठे मासे पहिल्या खेपेस काढून घ्यावेत. उरलेल्यांस जागा मोकळी होते व ते वाढतात. शेवटची खेप उन्हाळ्यात घेणे भागच असेल, तर पाणी छातीइतके असतानाच घ्यावी, गुडघ्यापर्यंत उतरण्याची वाट पाहू नये.

दिवसाच्या वेळेबद्दलही विचार हवा. पहाट गार असते म्हणून ती चांगली, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु रात्रभर पाण्यातील वनस्पती प्राणवायू तयार न करिता उलट वापरीत असतात, त्यामुळे तळ्यातील प्राणवायू सूर्योदयाच्या आधी अगदी कमी झालेला असतो. हिरवेगार पाणी असलेल्या तळ्यात ढगाळ दिवसानंतरच्या पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडू लागले, तर त्या दिवशी जाळे टाकूच नये. उजाडल्यापासून पंपाने तळ्यातीलच पाणी उंचावरून तळ्यात पाडावे. कोवळे ऊन चढल्यावर, मासे खाली गेल्यावर, मग जाळे उतरवावे. हवा मारणारे यंत्र ज्याच्याकडे असेल त्याची ही चिंता पुष्कळ हलकी होते.

आदल्या दिवशी सकाळपासून खाद्य बंद ठेवावे. हा नियम सर्वांत स्वस्त असून सर्वांत जास्त मोडला जातो, कारण गड्यास सांगावयाचे राहते. पोट भरलेल्या माशास प्राणवायू जास्त लागतो, तो पाण्यात विष्ठा टाकितो, आणि मेल्यावर त्याच्या आतड्यांतील पाचक रस त्याचेच पोट आतून खाऊ लागतात. आमच्या माशांची पोटे फुटली ती याच कारणाने. मात्र ‘उपाशी ठेवणे चांगले’ म्हणून चार-चार दिवस खाद्य तोडू नये. ऊन पाण्यात मासा लवकर झडतो व ग्लायकोजनाची शिल्लकही घटते.

जाळे एकदाच, सावकाश व पुरेसे लांब ओढावे. आमच्या ओळखीचे एक वृद्ध भोई गृहस्थ आहेत. त्यांना सगळे दाजी म्हणतात. ते म्हणाले, ‘कारकून साहेब, मासा जाळ्याला भीत नाही, घाईला भितो.’ दाजींची रीत अशी, की ओढ पूर्ण झाल्यावर जाळे काठावर आणीत नाहीत. ते पाण्यातच पोत्यासारखे सैल धरून ठेवितात आणि त्यांतील मासे लहान झेल्याने थोडे थोडे उचलितात. बाकीचे तोवर पाण्यातच श्वास घेत असतात. काठावर जितके हात मारावयास व बर्फात घालावयास मोकळे असतील, तितकेच मासे एका वेळी वर यावेत. ढीग होऊच द्यावयाचा नाही.

मारण्याविषयी लिहिताना वाचकांपैकी काहींस संकोच वाटेल. आमच्यातील पुष्कळ मंडळी माळकरी आहेत व मासे पाळणे त्यांस मुळातच रुचत नाही. त्यांच्या भावनेचा आदर आहे. परंतु ज्याने पाळले त्याने मारण्याकडे पाठ फिरविल्याने मासा सुखाने मरत नाही, उलट ढिगात घुसमटून मरतो. डोळ्यांच्या किंचित मागे, डोक्यावर, लाकडी सोट्याचा एकच पण नेमका तडाखा दिला की मासा जागच्या जागी शुद्ध हरपतो. तो नीट बसला की नाही हे कल्ल्यांवरून कळते: कल्ल्यांची उघडझाप थांबली पाहिजे, आणि मासा फिरविला तर डोळा फिरता कामा नये. लगेच कल्ला कापून रक्त जाऊ द्यावे आणि मासा बर्फाच्या पाण्यात सोडावा. नुसत्या बर्फाच्या पाण्यात जिवंत मासा टाकणे हे ढिगापेक्षा बरे, पण त्याने मासा तत्काळ मरत नाही. रोहू-कटल्यासारखे चिवट मासे त्यात बराच काळ जिवंत राहतात. अनेक क्विंटल मालास एकेक तडाखा देणे जमणार नाही, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. त्यावर उत्तर एवढेच, की अनेक क्विंटल एका दिवशी काढूच नयेत. काढावेच लागले, तर निदान जो माल चोखंदळ गिऱ्हाइकास जावयाचा आहे तेवढा तरी या रीतीने करावा.

बर्फाचा हिशेब सोपा आहे. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. तीस अंशांवरचा एक किलो मासा शून्य अंशापर्यंत गार करावयास सुमारे २५ किलोकॅलरी काढून घ्याव्या लागतात. म्हणजे कागदावर एक किलो माशास तिसरा हिस्सा बर्फ पुरतो. परंतु पेटी, हवा, गाडीचा पत्रा व रस्ता हे सर्व आपापला वाटा मागतात. म्हणून उष्ण प्रदेशात माशाइतकाच बर्फ घ्यावा, असा सर्वत्र संकेत आहे. बर्फ बारीक फोडलेला असावा, खाली एक थर, मग मासे, मग बर्फ, असे भरावे, आणि वितळलेल्या पाण्यास पेटीतून वाट असावी. बर्फ आधी काठावर आला पाहिजे, मग जाळे पाण्यात उतरले पाहिजे. हा क्रम उलटा झाला की बाकी सर्व व्यर्थ. नीट बर्फात ठेविलेला रोहू आठवड्याहून अधिक काळ खाण्याजोगा राहतो. बर्फावर होणारा खर्च ज्यास जड वाटतो, त्याने आमच्या वैशाखातील पट्टी पाहावी. ती आम्ही मुद्दाम जपून ठेविली आहे.

जिवंत मासा विकणे जमत असेल तर ते सर्वांत उत्तम, कारण त्यास भाव जास्त मिळतो. परंतु टाकीत कोंबून, हलत्या गाडीत पन्नास-साठ मैल नेलेला मासा जिवंत असला तरी विसावलेला नसतो. त्यास पोहोचल्यावर स्वच्छ, हवा मारलेल्या पाण्यात काही तास सोडावे आणि मगच कापावे. त्या वेळात तो पुष्कळशी थकबाकी फेडतो.

पुढच्याच वर्षी आम्ही पौषात पहिली खेप घेतली. खाद्य आदल्या दिवशी बंद केले. या वेळी गड्यास सांगण्याऐवजी खाद्याची कोठी स्वतः कुलूपबंद केली. दाजींनी दोन ओढींत काम संपविले. थोडाच माल काढला. सोटा प्रथम आमच्या हाताने चालेना. दाजींच्या नातवाने तो घेतला आणि आम्ही कल्ले पाहण्याचे काम केले. संध्याकाळी पेटी उघडून पाहिली तर मासा बोटाने वाकत होता. आमच्या सौभाग्यवतींना वाटले, हा माल गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ताठ झाला, आणि तिसऱ्या दिवशी बाजारातून निरोप आला तो असा, की उरलेला माल कधी देता. भाव चढा मिळाला असे नाही. त्या दिवशीचा जो चांगल्या मालाचा भाव होता तो पूर्ण मिळाला, कापाकापी झाली नाही. घरी ठेविलेल्या दोन माशांचे कालवण झाले, आणि तुकडे पातेल्यात फुटले नाहीत.

एक अडचण अद्याप उरली आहे. आमच्या भागात बर्फ दुरून आणावा लागतो आणि एकट्या शेतकऱ्याच्या दोन-तीन पेट्यांकरिता गाडी परवडत नाही. शेजारच्या तीन तळेवाल्यांशी बोलणे झाले आहे. येत्या माघात चौघांनी लागोपाठ चार दिवस, एकेका तळ्यातून थोडा थोडा माल काढावयाचा, गाडी व बर्फ सामाईक घ्यावयाचा, आणि गाडीवाल्यास सकाळी सहा वाजता तळ्यावर बोलवावयाचे. दाजींना चारही दिवसांची सुपारी देऊन ठेविली आहे.